काचेला न टेकता

"म्हंजी जे ओढतंय तेच परत पाठवतंय?" काशीदमामांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि मी हातातलं पेन टेबलावर आपटलं.

"हो, मामा. तेच तर मघापासून सांगतेय."

"मग त्याला ओढनं कसं म्हनायचं?"

वर्कशॉपच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. मी साडेनऊला आले होते. मला एक काच पॉलिश करून हवी होती, बस. पंजाएवढी लांब, अंगठ्याएवढी जाड, एक बाजू आरशाला लाजवेल इतकी गुळगुळीत. ड्रॉइंग तयार होतं, मापं तयार होती, माझे मार्गदर्शक असलेल्या सबनीस सरांची सही होती. आणि मामा ड्रॉइंग टेबलावर पालथं घालून, त्यावर चहाचा कप ठेवून बसले होते.

हणमंत काशीद आमच्या संस्थेत अडतीस वर्षं काच घासत होते. मूळचे माण तालुक्यातले. त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमापायी संस्थेतल्या प्रत्येक संशोधकाने एकदा तरी डोकं धरलेलं होतं. वस्तू कशासाठी हवी आहे ते कळल्याशिवाय ते तिला हात लावत नसत. बाकीचे फिटर माप बघायचे आणि कामाला लागायचे. मामा म्हणायचे, "आदी सांगा, ह्याचं पुढं काय व्हनार." एका प्राध्यापकांना तर त्यांनी भिंग करून द्यायच्या ऐवजी, तुम्हाला भिंग नकोच आहे हे पटवून परत पाठवलं होतं.

माझ्याकडे पटवून घ्यायला वेळ नव्हता. पीएचडीचं पाचवं वर्ष संपत आलेलं. फेलोशिप डिसेंबरपर्यंत. अणूंचा झोत सोडणारं यंत्र आम्हा तीन गटांत एकच, आणि ते मला दसऱ्यानंतर फक्त दहा दिवस मिळणार होतं. त्या दहा दिवसांत आकडे मिळाले तर मी डॉक्टर रेवती शेटकार, नाहीतर लातूरला परत जाऊन बाबांच्या तोंडाकडे बघायचं.

"मामा, पुन्हा सांगते. हेलियमचा अणू. फुग्यात भरतात तो हेलियम."

"ते समजलं."

"तो काचेच्या जवळ गेला की काच त्याला ओढते. कुठलाही पृष्ठभाग ओढतो. अगदी थोडं, अगदी जवळून, पण ओढतो."

"मग जाऊन चिकटायचा."

"जोरात आला तर तेच होतं. जाऊन आदळतो, चिकटतो, नाहीतर वाट्टेल तिकडे उडतो. पण फार हळू आला ना, तर तो काचेला टेकायच्या आधीच परततो. ओढ जिथे वाढायला लागते तिथूनच."

"आडवं काय येतं त्याला?"

"काहीही येत नाही! तेच तर!"

मामांनी चहा संपवला. "आडवं काय न्हाई, ओढायलाय आपल्याकडं, आनि ह्यो परत जातोय. ताई, तुमचं तुमाला तरी पटतंय का?"

मला इतका राग आला की मी उठले आणि कोपऱ्यातून सुतळीचं भेंडोळं आणि नारळाचा जाड दोर घेऊन आले. सुतळीला दोर गाठीने बांधला, दोराचं टोक लेथच्या हँडलला अडकवलं, सुतळी ताणून धरली आणि एक झटका दिला. सुतळीतून लाट धावली. गाठीशी पोचल्यावर लाटेचा एक तुकडा दोरात शिरला आणि एक तुकडा माझ्या हाताकडे परत आला.

"गाठीपाशी भिंत आहे का?"

"न्हाई."

"मग हा तुकडा परत का आला?"

मामा उठून जवळ आले. "सुतळी बदलली म्हनून."

"अणूसुद्धा आतून लाटच असतो. चेंडू असता तर ओढ लागली की गेला असता घरंगळत. पण लाटेला पुढची परिस्थिती अचानक बदललेली चालत नाही. थोडी तरी लाट परत फिरतेच. मग ती परिस्थिती ओढणारी का असेना."

मग पाऊण तास मामा आणि त्यांचे दोन सहकारी सुतळीला झटके देत होते. मी घड्याळ बघत होते. पाऊण तासाने मामा म्हणाले, "पर हळू आल्यावरच का? जोरात आलेल्याची बी लाटच असनार."

हा प्रश्न मला सेमिनारमध्ये कुणी विचारला नव्हता. सगळे मान डोलवायचे.

"जोरातल्या अणूची लाट बारीक असते," मी म्हणाले, "आणि हळू अणूची लांब. तुमच्या घराच्या पायरीची कड गोल झालीय का?"

"झालीय. झिजून."

"मुंगीला ती कड म्हणजे उतार वाटतो. ती आपली खाली निघून जाते. आपल्याला मात्र ती पायरीच. काचेची ओढ त्या कडेसारखी हळूहळू वाढते. बारीक लाटेला तो उतार, ती निघून जाते. लांब लाटेला ती पायरी, ती परतते."

"आनि अनू हळू चालवायचा कसा? हेलियम काय बैलगाडी हाय?"

"तिरका सोडायचा. काचेला जवळजवळ समांतर. पुढे तो सुसाटच जातो, पण काचेच्या दिशेने मुंगीच्या पावलाने सरकतो. आम्हाला तेवढंच हवंय."

मामांनी ड्रॉइंग सुलटं केलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला तेवढ्यात ते म्हणाले, "एक र्‍हायलं. त्यो काचेला टेकतच न्हाई तर मग एवढं पॉलिश कशापायी?"

"मामा!"

"न्हाई, इचारलं. खडबडीत असली काय आनि गुळगुळीत असली काय, त्येला कुठं कळायलंय."

"पॉलिश हवंच असतं. सरांनी सांगितलंय. आता पुरे करा ना प्रश्न, हात जोडते."

मला उत्तर येत नव्हतं. उत्तर येत नसलं की मी आवाज चढवते, हे आता माझ्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक झालंय. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काच उचलली.

सहा आठवडे ते ती काच घासत होते. राळेच्या थाळीवर गुलाबी पावडरचं पाणी टाकून, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा हात फिरवत. मी रोज जाऊन विचारायचे आणि रोज "हून दे की" ऐकून परत यायचे. ऑक्टोबरअखेर ते निवृत्त होणार होते. दोन वर्षांची मुदतवाढ मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला होता, आणि त्यावर शिफारस लिहायची होती सबनीस सरांनी. सर "बघू" म्हणाले होते. सर लग्नाच्या आमंत्रणालाही "बघू" म्हणायचे. ते कायम फोनवर असत आणि समोरच्याला बोटाने "नंतर" अशी खूण करत. पाच वर्षं मी त्या बोटाकडे बघत आले होते.

काच तयार झाली खंडेनवमीला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी आणि तिसऱ्या दिवसापासून माझे दहा दिवस सुरू.

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये सगळ्या हत्यारांची आणि यंत्रांची पूजा असायची. लेथला झेंडूची माळ, ड्रिलला माळ, करवतीला कुंकू, पान्यांच्या रांगेला हळद. बारा पुरुष आणि मी एकटी बाई म्हटल्यावर रांगोळी काढायचं काम कुणाकडे येणार हे सांगायला नको. मी काच न्यायला आले होते, पूजेला नाही. तरी मला लेथसमोर उकिडवं बसवण्यात आलं.

"डाव्या हातानं रांगोळी?" मामा मागे उभे राहून हसले.

"मी डावखुरीच आहे, मामा. आणि मला काच द्या."

"पूजा हूद्या. नवीन वस्तू हाय, पूजेबिगर दारातनं भाईर जायची न्हाई."

मी कमळाच्या सहा पाकळ्या कशाबशा काढल्या, हात ओढणीला पुसले आणि उठले. आरती झाली. पेढे वाटले. सबनीस सर दोन मिनिटं येऊन, फोन कानाला लावूनच पेढा खाऊन गेले. मग मामांनी मऊ कापडात गुंडाळलेली काच माझ्या हातात दिली आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन बाकीच्यांकडे गेले.

मी कापड उघडलं. ट्यूबलाइटखाली काच पाण्यासारखी दिसत होती. आणि बरोबर मधोमध, कुंकवाचं लालभडक बोट.

माझ्या डोक्यात काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. सहा आठवडे, "हून दे की", सुतळीचे झटके, रांगोळी, सगळं एकदम वर आलं. अणूंसाठी केलेल्या काचेवर कुंकू! मी उजव्या हातात काच धरली आणि ओढणीचं टोक डाव्या हातात घेऊन पुसली. कुंकू निघालं नाही. जोरात पुसली. निघालं नाही. काचेवर हाः करून वाफ सोडली आणि रगडली. तरी ते लाल बोट तसंच, जागचं हलायला तयार नाही.

तेव्हा कुठे मी काच उलटी केली.

कुंकू मागच्या बाजूला होतं. जी बाजू चिमट्यात बसणार होती, जिचा प्रयोगाशी काही संबंध नव्हता, त्या बाजूला मामांनी जपून, नखाएवढं बोट टेकवलं होतं. ते मला काचेच्या आरपार दिसत होतं. पाच वर्षं प्रकाशाचे धडे शिकवणाऱ्या मला, कुंकू काचेच्या कुठल्या अंगाला आहे ते कळलं नव्हतं.

आणि पुढची बाजू? माझ्या ओढणीला रांगोळी होती. रांगोळी म्हणजे दगडाचा भुगा. मी काच तिरकी धरली. सहा आठवड्यांच्या पाण्यावर शेकडो बारीक चरे पडले होते.

मी काच कापडात गुंडाळली आणि थेट सरांच्या केबिनमध्ये गेले. कशासाठी गेले, कबूल करायला की रडायला, ते मला ठाऊक नव्हतं. सरांनी बोटाने "नंतर" केलं. मी काच त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती पाहिली आणि फोन ठेवला.

"हे काय आहे?"

"सर, काशीदमामांनी पूजेत काचेला कुंकू लावलं होतं. पुसताना चरे पडले."

यातला शब्द न् शब्द खरा होता. मामांनी कुंकू लावलं होतं. पुसताना चरे पडले होते. कुणी पुसलं, कुठली बाजू, कशाने, एवढंच मी गिळलं. सरांनीही विचारलं नाही. ते ताडकन उठले आणि वर्कशॉपच्या दिशेने निघाले, मी मागोमाग.

"काशीद! तुम्हाला अक्कल आहे का?" पेढा खाणारे बारा हात थांबले. "प्रयोगाच्या काचेला कुंकू? हिचं आयुष्य पणाला लागलंय, आणि तुम्ही हळदीकुंकू खेळताय?"

मामांनी हात धोतराच्या फडक्याला पुसला आणि काच घेतली. उजेडात तिरकी केली, फिरवली, पुन्हा तिरकी केली. मागची बाजू पाहिली. मग पुढची पुन्हा पाहिली, बराच वेळ. मग माझ्याकडे पाहिलं. मी लेथवरच्या झेंडूच्या माळेकडे बघत होते.

"सर," मामा म्हणाले, "काच बसवून तर बगा. त्यो टेकतच न्हाई म्हनत्यात ह्या."

"आता तुम्ही मला फिजिक्स शिकवा! मुदतवाढीचा अर्ज केलाय ना? विसरा तो."

सर निघून गेले. कुणीतरी रेडिओ बंद केला. मला तोंड उघडायचं होतं तर ते तेव्हाच उघडायला हवं होतं. मी नाही उघडलं. मी काच घेतली आणि गेले.

दुसरी काच नव्हती, वेळ नव्हता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तीच चरे पडलेली काच यंत्रात बसवली, कारण रिकामं यंत्र चालवणं त्याहून लाजिरवाणं होतं. तीन दिवस निर्वात पंपाने छळलं. कुठून तरी हवा गळत होती आणि मी पाना घेऊन एकेक नट आवळत शिव्या घालत होते, बहुतेक स्वतःलाच. चौथ्या दिवशी दुपारी झोत सुरू झाला.

आधी काच झोतासमोर जरा जास्त उभी होती. अणू तिच्यावर आपटत होते आणि चऱ्यांमुळे वाट्टेल तिकडे उधळत होते. मोजणारं उपकरण जवळजवळ शून्य दाखवत होतं. जे व्हायचं तेच झालं, असं म्हणून मी काच आडवी, झोताला आणखी समांतर केली. आकडा हलला. आणखी आडवी केली. आकडा वाढला. अणू काचेच्या दिशेने जितके सावकाश सरकत होते, तितके जास्त परत येत होते, आरशातून यावेत तसे नेमक्या एकाच दिशेने. चरे होते तिथेच होते. अणूंना त्यांचा पत्ताच नव्हता.

मी स्टुलावर बसले. खडबडीत असली काय आणि गुळगुळीत असली काय, त्याला कुठं कळायलंय. सहा आठवड्यांपूर्वी चहाच्या कपावरून विचारलेला प्रश्न, आणि मी हात जोडून तो हाकलला होता. गुळगुळीत काचेवरून अणू परतले असते, तर परीक्षक म्हणाले असते, आदळूनच परतले असतील. चऱ्यांच्या काचेवरून आदळून सरळ परतणं शक्यच नव्हतं. ते काचेपर्यंत गेलेच नव्हते, याचा पुरावा ते चरेच होते.

सबनीस सरांनी आलेख पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा फोन बंद केला. "चरे! अगं, चरेच तर आपला हुकमाचा एक्का आहेत!" आठवडाभरात त्यांनी शोधनिबंधाचा मसुदा लिहिला. त्यात वाक्य होतं की, पृष्ठभागाचा परिणाम तपासण्यासाठी काचेवर मुद्दाम चरे पाडण्यात आले. (छापून आलं तेव्हा ते वाक्य वेगळं होतं.)

"मुद्दाम, सर?"

"मग काय, कुंकू पुसताना पडले असं लिहायचं? लोक हसतील."

"आणि मामांचा अर्ज?"

"बघू," सर म्हणाले आणि फोन वाजला.

एकतीस ऑक्टोबरला मामांचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, घड्याळ. भाषणात एकजण गमतीने म्हणाला की काशीदमामांनी शेवटच्या काचेला कुंकू लावून तिची पाठवणी केली. सगळे हसले. मामा हसले नाहीत. अडतीस वर्षं काच घासलेल्या माणसाबद्दल मागे राहिलेली गोष्ट एवढीच होती, आणि ती मी राहू दिली होती. मी शेवटच्या रांगेत बसले होते आणि वेफर्स खात होते.

दिवाळीनंतर मी त्यांचा पत्ता मिळवला. शहराच्या टोकाला, टेकडीखाली, दोन खोल्यांचं घर. एका शनिवारी बसने गेले. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. तिथे उभी राहून मी वाक्य जुळवत होते. "मामा, मला एक सांगायचंय." छे. "मामा, ती काच आहे ना." छे. एक बाई डबा घेऊन आली, दळण घेऊन गेली, दुसरी आली. गिरणीवाल्याने मला दोनदा विचारलं, काय दळायचंय. मी परत बस पकडली. पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. या वेळी गिरणीच्या चार पावलं पुढे, त्यांच्या दारातली तुळस दिसेपर्यंत. आणि पुन्हा परत.

तिसऱ्या वेळी शनिवारही नव्हता. बुधवारी दुपारी सरांनी मसुद्याची शेवटची प्रत माझ्यापुढे सहीसाठी टाकली. मुद्दाम चरे पाडण्यात आले. मी पेन उघडलं, बंद केलं, मैत्रिणीच्या स्कूटरची चावी तिच्या टेबलावरून तिला न विचारता उचलली आणि निघाले. गिरणी कधी मागे गेली ते कळलंही नाही. दारात ब्रेक लावला आणि स्कूटर बंद करायच्या आधीच कडी वाजवली.

दार मामांनीच उघडलं. बनियनवर, हातात वर्तमानपत्र.

"मामा, काच मी पुसली," मी म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही. "रांगोळीच्या ओढणीने. कुंकू मागे होतं, मला पुढे आहे असं वाटलं. तुमची काहीच चूक नव्हती. मी सरांना अर्धंच सांगितलं."

मामांनी स्कूटरकडे पाहिलं. "आदी ती बंद करा. पेट्रोल जातंय."

मी बंद केली. आत गेले. मामींनी पाणी आणलं. मामा पलंगावर बसले, मी समोरच्या लोखंडी खुर्चीत.

"मला तवाच कळलं हुतं," मामा म्हणाले.

"काय?"

"चरे आसे व्हते." त्यांनी हवेत बोट फिरवून कमान काढली, डावीकडून वर जाणारी. "उजव्या हातानं पुसलं तर कमान हिकडं झुकती. ही तिकडं झुकली हुती. आमच्या वर्कशॉपात डावखुरं कोन? अडतीस वर्सं रेघाच बघत आलोय मी, ताई."

"मग तिथेच का नाही बोललात? सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले सर!"

आता मामांचा आवाज चढला. त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. "मी बोललो असतो तर काय झालं असतं? म्हाताऱ्यानं पोरीवर ढकललं. माजं कुनी खरं मानलं असतं? तुमी बोलायला पायजे हुतं. मी उभा हुतो तितं. वाट बगत. तुमी झेंडूची फुलं मोजत हुता!"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मला स्वतःचाच संताप आला, की आता रडून मी आणखी एक काम त्यांच्यावर टाकलं. मामींनी पदराने माझं तोंड पुसलं.

"मी सरांना सांगते. मुदतवाढीचं पुन्हा..."

"ती जागा गेली. पत्र आलं परवा. ते काय आता यायचं न्हाई." मामांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "पर काशीदानं काच बिगडवली, हे काय मला घेऊन मरायचं न्हाई."

"नाही, मामा."

त्यांनी ती घडी उशाशी ठेवली. मग त्यांनी विचारलं, "आलं का परत तुमचं हेलियम?"

"आलं."

"न टेकता?"

"न टेकता. चरे असताना. तुम्ही म्हणाला होतात तसंच. टेकत नाही तर पॉलिश कशाला, असं तुम्ही विचारलं होतंत. त्याच प्रश्नावर माझी पीएचडी होणारेय."

मामा मामींकडे वळून म्हणाले, "ऐकलं का?" आणि त्या एवढ्याशा वाक्यात त्यांची मान जराशी वर झाली.

मामी चहा टाकायला उठल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "व्हय वो, ह्याच न्हवं का त्या? दोन शनवार गिरनीपाशी येऊन ग्येल्या त्या? मी म्हनलं नव्हतं, कोन पोरगी उभी र्‍हाती आनि जाती?"

मामा माझ्याकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांच्या मिशीखाली हसू आलं. मी त्यांना महिनाभरात दिलेलं एकमेव हसू.

"हळू आलं की परततंय," ते म्हणाले. "तुमीच शिकवलं मला. सुतळी बांधून."

मी हसले की रडले ते आठवत नाही. चहा प्यायले. उठताना वाकून नमस्कार केला. मामा दारापर्यंत आले, स्कूटरचा आरसा वाकडा झाला होता तो सरळ करून दिला.

"सरांकडं उद्या जानार न्हवं?"

"उद्या सकाळी."

"मंग जोरात जावा."

दुसऱ्या दिवशी सबनीस सरांच्या केबिनचं दार मी न ठोठावता उघडलं. सर फोनवर होते. त्यांनी माझ्याकडे न बघताच बोट वर केलं, नंतर.

"फोन ठेवा, सर," मी म्हणाले.